गेमिंग संगणकासाठी अंतर्गत साउंड कार्ड निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेमिंग संगणकाला आज वेगळे साउंड कार्ड लागते का?

बहुतेक संगणकांना लागत नाही. हे उत्तर आधीच दिलेले बरे, कारण पुढचे सगळे प्रश्न ज्यांना ते खरोखर लागते त्यांच्यासाठी आहेत. जवळपास प्रत्येक मदरबोर्डवर आवाजाची चिप बसवलेलीच असते, आणि मधल्या व वरच्या श्रेणीतल्या बोर्डांवर ती आता इतकी सुधारली आहे की साधा ३२ ओहमचा हेडसेट वापरणाऱ्याला डोळे मिटून ऐकल्यास बोर्ड कोणता आणि कार्ड कोणते हे सांगता येणे कठीण आहे.

कार्ड घेण्याची पटण्याजोगी कारणे मोजकीच आहेत. बोर्डाच्या जॅकमधून सतत खरखर ऐकू येते, हेडफोन असे आहेत की आवाज पूर्ण वाढवला तरी पुरत नाही, ५.१ स्पीकरांचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) संच जोडायचा आहे पण बोर्डाच्या मागे तेवढे जॅक नाहीत, किंवा बोर्डावरचा ऑडिओचा भागच निकामी झाला आहे. यांपैकी एकही अडचण नसेल तर तेवढाच खर्च हेडफोनवर करावा, कारण आवाजातला सर्वांत मोठा फरक कानाला लावलेल्या वस्तूमुळे पडतो आणि तिच्यामागच्या विद्युत मंडलामुळे पडणारा फरक त्या मानाने फार लहान असतो.

मग पूर्वी प्रत्येक गेम खेळणाऱ्याकडे साउंड कार्ड का असे?

कारण तेव्हा साध्या पीसीकडे त्याच्या डबड्या स्पीकरच्या ‘बीप’खेरीज दुसरा आवाजच नव्हता. १९८७ मध्ये आलेल्या ॲडलिब कार्डावर यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती. ती संगीत निर्माण करत असे, पण बंदुकीचा किंवा माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे तिच्या आवाक्यात नव्हते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या साउंड ब्लास्टरने तीच चिप घेऊन तिच्या जोडीला ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय आणि जॉयस्टिकचे पोर्ट दिले, आणि पुढची अनेक वर्षे ‘साउंड ब्लास्टरशी सुसंगत’ हे शब्द खोक्यावर असणे हीच कार्डाची लायकी मानली गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑरिअलचे ए३डी आणि क्रिएटिव्हचे ईएएक्स या त्रिमितीय आवाजाच्या तंत्रांची चुरस लागली. दालनातला घुमारा, भिंतीआडून येणारा दबका आवाज, मागून येणारी पावले हे सगळे कार्डावरची चिप मोजून काढत असे, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार खरोखर हलका होई. २००७ च्या सुरुवातीस सर्वसामान्य ग्राहकांना मिळालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने आवाजाची रचना मुळापासून बदलली आणि डायरेक्टसाउंडला (गेम ज्यामार्फत आवाज वाजवत त्या विंडोजच्या सोयीला) कार्डाच्या चिपपर्यंत थेट नेणारी वाट बंद केली. तेव्हापासून गेममधील आवाजाचे गणित मुख्यतः प्रोसेसरवरच होते. आजचे कार्ड तयार झालेला आवाज स्वच्छपणे बाहेर काढते आणि हवे असल्यास त्यावर थोडे संस्कार करते. जुन्या काळातली कीर्ती ऐकून कार्ड घेणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा हा बदल ठाऊक नसल्यामुळे.

साउंड कार्डामुळे एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतो का?

नाही. आवाजाचे गणित आजच्या प्रोसेसरला इतके किरकोळ वाटते की ते काढून घेतल्याने चित्राच्या वेगात मोजण्यासारखा फरक पडत नाही.

माझ्या मदरबोर्डचा आवाज पुरेसा आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे?

नेहमीचे हेडफोन बोर्डाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावावेत, सगळे प्रोग्रॅम बंद करावेत आणि विंडोजचा आवाज १०० वर न्यावा. चुकून एखादी सूचना वाजली तर कान बधिर होऊ नयेत म्हणून हेडफोन कानांपासून बोटभर दूर धरावेत. काहीच वाजत नसताना माउस गोल गोल फिरवावा, एखादे लांबलचक पान भराभर सरकवावे, मोठी फाइल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर पाठवावी, आणि शेवटी एखादा गेम उघडून फ्रेमची मर्यादा काढून त्याच्या मेनूवर थांबावे. तेव्हा ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालत असते. या हालचालींबरोबर हेडफोनमध्ये ‘झिर्र’, ‘टिकटिक’ किंवा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत-जात असेल, तर बोर्डावरच्या विजेचा गोंगाट आवाजाच्या मार्गात शिरतो आहे असे समजावे. अशा ठिकाणी वेगळ्या कार्डाचा उपयोग होऊ शकतो.

मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे गोंगाट फक्त कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून येतो की मागूनही येतो. माझ्या स्वतःच्या संगणकात माउस हलवला की कानात भुंगा फिरल्यासारखा आवाज येई. कार्ड मागवण्याच्या बेतात असताना लक्षात आले की मागच्या जॅकमधून सगळे शांत आहे. पुढच्या जॅकची बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या पाठीला चिकटून गेली होती. ती बोर्डाच्या खालच्या कडेने वळवली आणि भुंगा गेला. दुसरी गोष्ट म्हणजे साउंड सेटिंगमध्ये माइक किंवा लाइन-इनचा आवाज थेट हेडफोनमध्ये सोडलेला नाही ना, कारण रिकाम्या माइक जॅकची खरखरही तशीच ऐकू येते. तिसरी म्हणजे आवाज हेडफोनमधूनच येतो की कॅबिनेटमधून. ग्राफिक्स कार्डाची किंवा एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) कॉइल भार पडल्यावर किणकिणते, आणि तो आवाज कोणतेही साउंड कार्ड थांबवू शकत नाही.

स्पीकर जोडल्यावरच एकसुरी ‘हूं’ येत असेल आणि माउसच्या हालचालीने तो बदलत नसेल, तर संगणक व स्पीकर यांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेले वेटोळे त्याला कारणीभूत असण्याचा संभव अधिक. त्यावर अंतर्गत कार्ड हा इलाज नव्हे. दोन्ही उपकरणे एकाच सॉकेट-पट्टीवर घ्यावीत, किंवा स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरावे, कारण त्या केबलमधून वीज वाहतच नाही.

माझा हेडसेट यूएसबीचा किंवा वायरलेस आहे. त्याला कार्डाचा लाभ होईल का?

काहीही होणार नाही. यूएसबी हेडसेटच्या वायरमध्ये किंवा त्याच्या कपात, आणि वायरलेस हेडसेटच्या बाबतीत कपातच, स्वतःचे छोटे साउंड कार्ड बसवलेले असते. संगणक त्याला फक्त आकडे पाठवतो. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधले कार्ड या मार्गात कुठे येतच नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने मॉनिटर, टीव्ही अथवा एव्ही रिसीव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) जाणारा आवाजही ग्राफिक्स कार्डातून जातो, त्यामुळे तिथेही हेच लागू पडते. अनेक हेडसेटबरोबर यूएसबीची एक चिमुकली डबी येते आणि वायरच्या टोकाला ३.५ मिमीची पिनही असते. असा हेडसेट डबी काढून थेट कार्डाला लावता येतो.

हेडफोनचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा विरोध) आणि कार्डाची ताकद यांची सांगड कशी घालावी?

‘६०० ओहमपर्यंतचे हेडफोन चालवते’ हे वाक्य खोक्यावर ठळक छापलेले असते, पण त्यावरून हेडफोन किती मोठ्याने वाजतील हे कळत नाही. त्यासाठी हेडफोनची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅट वीज दिल्यावर तो किती डेसिबलचा आवाज करतो, हेही पाहावे लागते. गणित एकदा स्वतः करून पाहिले की जाहिरातीचे दडपण येत नाही.

बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रो या हेडफोनची २५० ओहमची आवृत्ती घेऊ. तिची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. स्फोटासारखे क्षणिक आवाज ११० डेसिबलपर्यंत जावेत असे धरले, तर १४ डेसिबल जास्त हवेत. म्हणजे वीज सुमारे २५ पट, २५ मिलिवॅट. २५० ओहममधून २५ मिलिवॅट वाहण्यासाठी लागणारा दाब २.५ व्होल्ट येतो. साध्या बोर्डाच्या जॅकमधून साधारण १ व्होल्ट मिळतो, चांगल्या बोर्डांवर तो २ व्होल्टपर्यंत जातो. याउलट ३२ ओहमचा आणि १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा गेमिंग हेडसेट त्याच ११० डेसिबलसाठी १० मिलिवॅट, म्हणजे जेमतेम ०.५७ व्होल्ट मागतो. तो कोणताही बोर्ड सहज देतो.

यातली मेख अशी की १ व्होल्टवरही पहिला हेडफोन सुमारे १०२ डेसिबलपर्यंत पोहोचतो, आणि कित्येकांना गेम खेळताना तेवढे पुरते. कमी पातळीवर ध्वनिमुद्रण केलेला चित्रपट पाहताना मात्र तोच हेडफोन मरगळलेला वाटतो. म्हणून २५० ओहमच्या हेडफोनला कार्ड लागतेच असे सरसकट सांगणारे आणि कधीच लागत नाही असे सांगणारे, दोघेही घाई करतात. आधी आपल्या बोर्डावर ऐकावे आणि विंडोजचा आवाज १०० वर नेऊनही वाढवावासा वाटतो का, ते पाहावे.

दुसरा आकडा कार्डाच्या आउटपुट इम्पीडन्सचा, आणि तो खोक्यावर क्वचितच छापतात. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमच्या आत. तो जास्त असेल तर काही हेडफोनांचा खर्ज फुगतो किंवा आवाजाचा तोल बदलतो, आणि मग ‘नव्या कार्डाने आवाज जाड केला’ अशी तक्रार ऐकू येते. विजेवर चालणाऱ्या स्पीकरांना यातले काहीच लागू नाही. त्यांचा ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच असतो.

एसएनआर, बिट आणि किलोहर्ट्झ या आकड्यांना किती महत्त्व द्यावे?

एसएनआर म्हणजे कार्ड देऊ शकते तो सर्वांत मोठा आवाज आणि त्याचा स्वतःचा अंगभूत गोंगाट यांच्यातले अंतर. १६ बिटच्या ध्वनीत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल असते आणि २४ बिटच्या ध्वनीत गणिताने ते १४४ डेसिबल निघते. १४४ पर्यंत कोणतेच कार्ड पोहोचत नाही. क्रिएटिव्हचे एई-५ हे १२२ डेसिबलचा दावा करते आणि एई-९ हे १२९ डेसिबलचा. रियलटेकची एएलसी १२२० ही बोर्डावरची चिपही कागदावर १२० डेसिबलची आहे. खोलीत पंखा चालू असेल, तर या तिघांतला फरक पंख्याच्या आवाजाखाली गाडला जातो.

तरीही एएलसी १२२० असलेले दोन बोर्ड सारखेच वाजतील असे नाही. चिपचा आकडा हा चिपच्या कागदावरचा आकडा असतो. ती कुठे बसवली, तिच्याभोवतीचा भाग उरलेल्या बोर्डापासून किती वेगळा ठेवला, तिला स्वच्छ वीज मिळते का, यांवर प्रत्यक्ष निकाल ठरतो. कार्डाचा मुख्य फायदाही हाच आहे की आवाजाचे मंडल स्वतंत्र पाटीवर, बहुधा धातूच्या पत्र्याखाली, बोर्डाच्या गजबजाटापासून थोडे दूर जाते. त्यातही एक खोच आहे. खोक्यावरचा एसएनआर बहुतेकदा स्पीकरच्या आउटपुटचा असतो, हेडफोनच्या आउटपुटचा नव्हे.

किलोहर्ट्झचा प्रश्न लवकर सुटतो. आवाजाचे नमुने सेकंदाला ४८ हजार वेळा (४८ किलोहर्ट्झने) घेतले की २४ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी पकडता येतो, आणि माणसाचा तरुण, धडधाकट कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. गेमचा आवाज सामान्यतः ४८ किलोहर्ट्झवरच तयार होतो. त्यामुळे विंडोजमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडून निश्चिंत व्हावे. १९२ किंवा ३८४ निवडल्याने गेम अधिक स्पष्ट होत नाही, उलट प्रत्येक आवाज विनाकारण रूपांतरित होत राहतो.

कार्डाच्या ‘७.१ व्हर्च्युअल सराउंड’मुळे शत्रूची दिशा अधिक नेमकी कळते का?

कधी कधी कळते, आणि कधी कधी उलट बिघडते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला अगदी किंचित उशिरा, जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या सुमारे दोन तृतीयांश इतक्या विलंबाने पोहोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंदही होतो. पुढचा आवाज कोणता आणि मागचा कोणता, हे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे ध्वनीत पडणाऱ्या बारीक फरकांवरून मेंदू ओळखतो. हे सगळे बदल गणिताने ध्वनीवर घालण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. ‘व्हर्च्युअल सराउंड’ हे तिचेच बाजारातले नाव. मात्र हे गणित एका सरासरी डोक्याच्या मापावर बेतलेले असते, म्हणून एकाला जे जिवंत वाटते ते दुसऱ्याला डब्यात बसून ऐकल्यासारखे वाटते.

कळीचा मुद्दा असा की हे काम साखळीत एकाच ठिकाणी व्हावे. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलरंट यांसारखे गेम स्वतःच एचआरटीएफ देतात, आणि तेव्हा प्रत्येक आवाजाचे त्रिमितीतले नेमके स्थान गेमला ठाऊक असते. त्यावर पुन्हा कार्डाचे व्हर्च्युअल सराउंड चढवले, की आधीच पिळलेले कापड दुसऱ्यांदा पिळल्यासारखे होते. दिशा पुसट होते आणि सगळे घुमू लागते. अशा गेमसाठी कार्डावर आणि विंडोजमध्ये साधा स्टिरिओच ठेवावा. जो गेम फक्त ५.१ किंवा ७.१ स्पीकरांचा आवाज देतो आणि हेडफोनसाठी वेगळी सोय करत नाही, त्याच्यासाठी कार्डाचे व्हर्च्युअल सराउंड उपयोगी पडते. त्या वेळी विंडोजमध्ये स्पीकरांची मांडणी ७.१ करावी लागते, नाहीतर कार्डाला दोनच वाहिन्या मिळतात आणि ते उरलेल्यांचा नुसता अंदाज बांधते.

हे काम कार्डाशिवायही होते. विंडोज सोनिक विंडोजमध्येच आहे, आणि डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स कोणत्याही स्टिरिओ हेडफोनवर चालते. पावलांचा आवाज उठावदार करणाऱ्या ‘स्काउट’ प्रकारच्या बटणाचेही तसेच आहे. ते विशिष्ट पट्टीतले आवाज चढवते आणि हलके आवाज वर आणते. इक्वलायझर एपीओ या मोफत प्रोग्रॅमने बोर्डाच्या आवाजावरही बरेचसे तसे करता येते. केवळ या बटणासाठी कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे ५.१ स्पीकर जोडायचे आहेत. काय पाहावे?

ॲनालॉग संचाच्या तीन पिना असतात. पुढच्या स्पीकरांची हिरवी, मागच्यांची काळी आणि मधला स्पीकर व सबवूफर यांची नारिंगी. कार्डावर हेडफोनचा जॅक सोडून हे तीन वेगळे आहेत ना, ते पाहावे. हेडफोन आणि स्पीकर दोन्ही जोडलेले ठेवून सॉफ्टवेअरमधून एका टिचकीने बदलता येणे ही कार्डाची खरोखर सोयीची बाब आहे. रोज मागे हात घालून पिना काढणाऱ्याला तिची किंमत पटेल.

ऑप्टिकलच्या बाबतीत गफलत फार होते. त्या केबलमधून न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच वाहिन्यांचा जातो. गेमचा ५.१ आवाज रिसीव्हरपर्यंत न्यायचा असेल तर तो चालता चालता दाबून पाठवावा लागतो, आणि त्यासाठी कार्डाला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएसची तशी सोय हवी. एई-५ च्या मागून आलेल्या एई-५ प्लसमध्ये मुख्य भर पडली ती हीच. रिसीव्हरला एचडीएमआय असेल तर हा सगळा खटाटोपच नको, कारण त्यातून न दाबलेल्या आठ वाहिन्या जातात.

कार्डामुळे माइकचा आवाज सुधारतो का?

हेडसेटचा साधा माइक असेल, तर पार्श्वभूमीची खरखर कमी होऊ शकते. माइक मुळातच बोबडा असेल, तर तो तसाच राहतो. यूएसबी माइकला कार्डाचा संबंध नाही. एक्सएलआर पिनेचा स्टुडिओ माइक बहुतेक अंतर्गत कार्डांना जोडताच येत नाही, आणि त्यातल्या कंडेन्सर प्रकाराला ४८ व्होल्ट लागतात. एई-९ बरोबर येणाऱ्या टेबलावरच्या डबीत ती सोय आहे, पण केवळ तेवढ्यासाठी असे कार्ड घेण्यापेक्षा ऑडिओ इंटरफेस (स्टुडिओ माइक जोडण्याची बाहेरची डबी) घेणे शहाणपणाचे.

एकाच पिनेत हेडफोन आणि माइक दोन्ही असलेला चार कड्यांचा हेडसेट असेल, तर दोन जॅकांत विभागणारी छोटी वायर सोबत आहे का, तेही पाहावे. ती नसेल तर ऐकू येते पण बोलता येत नाही, आणि दोष कार्डावर येतो.

कार्ड माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल का?

खरेदी करण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून डोळ्यांनी पाहावे. आजची कार्डे पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉटची असतात आणि ती एक्स४ किंवा एक्स१६ अशा लांब स्लॉटमध्येही चालतात. अडचण असते ती ग्राफिक्स कार्डाची. तीन स्लॉट व्यापणाऱ्या कार्डाखाली बोर्डावरचा एक्स१ स्लॉट अनेकदा पूर्ण झाकला जातो, आणि उरलेल्या खालच्या स्लॉटमध्ये साउंड कार्ड घातले तर ते पंख्यांच्या तोंडाशी उभे राहते. मध्ये निदान एका स्लॉटची मोकळी जागा असावी, ती ग्राफिक्स कार्डाच्या श्वासासाठीही बरी आणि आवाजाच्या स्वच्छतेसाठीही. काही बोर्डांवर खालचा स्लॉट आणि एम.२ एसएसडीची जागा एकाच मार्गावर असतात व एक वापरली की दुसरी बंद पडते. हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. मिनी-आयटीएक्स बोर्डावर मुळात एकच स्लॉट असतो, त्यामुळे त्यांचा विषय तिथेच संपतो.

काही कार्डांना एसएमपीएसकडून वेगळी वीज लागते. एई-९ ला ग्राफिक्स कार्डासारखी सहा पिनांची वायर जोडावी लागते आणि असूसच्या जुन्या झोनार एसेन्स एसटीएक्सला चार पिनांची मोलेक्स. शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर बोर्डावरून काढून कार्डावर लावायची असेल, तर ती तिथवर पोहोचते का, हे दोरी लावून मोजावे. ती वायर बहुधा बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याच्या हिशोबाने कापलेली असते आणि कार्डावरचे टोक दुसऱ्याच बाजूला असते.

अंतर्गत कार्डापेक्षा बाहेरचा यूएसबी डॅक (संगणकातल्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी डबी) चांगला नाही का?

फक्त हेडफोन वापरणाऱ्या, विशेषतः लॅपटॉपवरही ऐकणाऱ्या माणसाला मी बाहेरचाच घ्यायला सांगेन. तो कॅबिनेटच्या गोंगाटाबाहेर असतो, आवाजाची कळ हाताशी येते आणि संगणक बदलला तरी स्लॉटची चिंता उरत नाही. तरी तो गोंगाटमुक्त असतोच असे नव्हे, कारण यूएसबीच्या वायरमधून वीज येते आणि तिच्याबरोबर कधी कधी संगणकाची गुणगुणही येते.

अंतर्गत कार्डाची बाजू भक्कम होते ती अनेक स्पीकर, अनेक जॅक आणि मोकळे टेबल हवे असेल तेव्हा. ५.१ ॲनालॉग आउटपुट, हेडफोनचा जोमदार ॲम्प्लिफायर, माइक, ऑप्टिकल हे सगळे एकत्र देणारे बाहेरचे उपकरण शोधायला गेले तर पर्याय चटकन आटतात.

ड्रायव्हरची काळजी किती करावी?

पुष्कळ. कार्डाचा आवाज चांगला की वाईट, यापेक्षा त्याचे सॉफ्टवेअर तीन वर्षांनी चालेल की नाही हा प्रश्न मला मोठा वाटतो. माझे एक कार्ड विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर इक्वलायझरची सगळी मांडणी विसरे आणि मुख्य आउटपुट म्हणून मॉनिटर निवडून मोकळे होई. शेवटी मी त्याचे नियंत्रण-सॉफ्टवेअर काढून नुसता ड्रायव्हर ठेवला, तेव्हा ते सरळ चालू लागले. घेण्याआधी निर्मात्याच्या पानावर आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे का आणि तो शेवटचा कधी अद्ययावत झाला, हे पाहावे. लिनक्सवर साउंड ब्लास्टर झेड आणि एई-५ यांच्यासाठी कर्नेलमध्येच ड्रायव्हर आहे, मात्र कार्डाच्या विंडोजवरच्या सगळ्या करामती तिथे मिळत नाहीत.

जुने, वापरलेले कार्ड घ्यावे का?

आधी त्याची कड पाहावी. जुन्या पीसीआय स्लॉटचे कार्ड आजच्या बोर्डात बसत नाही, आणि ‘पीसीआय’ व ‘पीसीआय एक्सप्रेस’ या नावांतल्या साम्यामुळे लोक वारंवार फसतात. एसेन्स एसटीएक्ससारखी कार्डे आवाजाच्या बाबतीत अजूनही तोडीस तोड आहेत, पण अधिकृत ड्रायव्हर जुने पडल्यामुळे हौशी मंडळींनी बनवलेल्या ड्रायव्हरचा आधार घ्यावा लागतो. ज्याला अशी खटपट आवडते त्याने जरूर घ्यावे.

कार्ड बसवले, पण फरकच जाणवत नाही. काय चुकले?

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणला होता का, हे आधी पाहावे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि किंचित लहान आवाज फिका वाटतो. पातळी जुळवून, कोणते जोडले आहे हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊन दहा-बारा वेळा ऐकावे. तरीही ओळखता येत नसेल, तर तुमचा बोर्ड आधीच पुरेसा चांगला होता. परत करण्याची मुदत उलटण्याआधी हे करून घ्यावे.

त्याआधी विंडोजमध्ये मुख्य आउटपुट म्हणून नवे कार्ड निवडले आहे ना, ते तपासावे. बोर्डाचा ऑडिओ बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करणे आवश्यक नाही, पण केल्यास यादीतला गोंधळ कमी होतो. आणि कॅबिनेटच्या मागे टॉर्च मारून पाहावे. पुष्कळदा हेडफोनची पिन बोर्डाच्या जुन्याच हिरव्या जॅकमध्ये, किंवा पुढच्या जॅकमध्ये, जिथे ती कायम असते तिथेच राहिलेली असते.